नोकरी गेली, बिऱ्हाड किहीमला आलं आणि सलीम अलींना सुगरणीच्या घरातलं गुपित कळलं

सुगरण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? विहिरीवर वाकलेल्या फांदीला लोंबणारा सुबक खोपा आणि तो विणणारी कष्टाळू पक्षीण. बहिणाबाईंच्या कवितेनं तर ही पक्षीण मराठी घराघरात पोचवली. स्वयंपाकात हात असलेल्या बाईलाही आपण सुगरणच म्हणतो.

पण खरी गंमत वेगळीच आहे. तो खोपा सुगरण बांधतच नाही. बांधतो सुगरणीचा नर.

आणि नर घर बांधतो एवढंच नाही, तर तो एकाच हंगामात एकामागून एक घरं का बांधतो, मादी घर आधी तपासते की नर, एका नराच्या किती माद्या असतात, या सगळ्याचा नीट हिशेब एका माणसानं लावला. तोही मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम गावात बसून. साल होतं १९३०. त्या माणसाकडे तेव्हा नोकरी नव्हती, विद्यापीठाची पदवी नव्हती आणि पुढं काय करायचं याचं उत्तरही नव्हतं.

त्यांचं नाव सलीम अली. पुढं अख्ख्या देशानं त्यांना भारताचे पक्षीपुरुष म्हणून ओळखलं.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घर सुलेमानी बोहरा समाजातलं. भावंडांत हे सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. आईबापाविना राहिलेल्या या मुलांना मामानं आपल्या घरी नेलं. मामांचं नाव अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामींचं हमीदा बेगम. खेतवाडीतल्या त्या भरल्या घरात सलीम वाढले.

मामांना शिकारीचा नाद होता. त्या काळच्या सुखवस्तू घरांत बंदूक असणं आणि सुट्टीत पक्षी टिपणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लहानग्या सलीमला एक छर्ऱ्याची बंदूक मिळाली होती. तिनं तो चिमण्या पाडायचा.

एक दिवस त्यानं पाडलेली चिमणी जरा वेगळी दिसली. गळ्यावर हळदीचं बोट लागल्यासारखा पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी आहे का आणि खाल्लेली चालेल का, असा त्याला प्रश्न पडला. तो मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे म्हणजेच बीएनएचएसचे सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन पोराला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

हातात मेलेली चिमणी घेऊन एक भारतीय पोरगा इंग्रज साहेबाच्या कचेरीत जातो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही. त्यांनी पक्षी ओळखला. ती होती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा अख्खा संग्रह त्याला दाखवला आणि वाचायला पुस्तकंही दिली.

पक्ष्यांचा अभ्यास करता येतो, ही गोष्ट सलीमला त्या दिवशी कळली. पुढं ७५ हून अधिक वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांचं आत्मचरित्र आलं तेव्हा त्याच्या नावातही त्यांनी ती चिमणीच ठेवली.

अभ्यासात यथातथा, धंद्यात त्याहून वाईट

इथून पुढं सगळं सरळ झालं असं समजू नका. सलीम अलींची पुढची २० वर्षं म्हणजे अडखळण्याचीच गोष्ट आहे.

शाळेत असताना डोकेदुखीनं ते इतके हैराण झाले की हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये पाठवावं लागलं. १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षानंतर कॉलेज सोडलं. गणितानं छळलं होतं. तिथून ते थेट ब्रह्मदेशात तावॉयला गेले. घरच्यांचा तिथं वुल्फ्रॅमच्या खाणींचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. काम धंदा बघायचं होतं, पण आजूबाजूला दाट जंगल होतं. धंद्यापेक्षा जंगलात वेळ जास्त गेला हे सांगायला नको.

१९१७ मध्ये ते मुंबईत परतले. दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला लागले. त्याच वेळी झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राकडे वळवलं. सकाळी हिशेब आणि नंतर प्राणिशास्त्र अशी कसरत सुरू झाली. पण विद्यापीठाची रीतसर पदवी काही पदरात पडली नाही.

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमीना बेगम यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ब्रह्मदेशातला धंदा फार काळ टिकला नाही. नवरा-बायको मुंबईत परत आले आणि सलीम अली नोकरी शोधू लागले.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीतज्ज्ञाची जागा होती. त्यांना ती हवी होती, पण पदवी नसल्यानं मिळाली नाही. शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाईड लेक्चरर म्हणून काम मिळालं. पगार महिना ३५० रुपये. शाळेच्या पोरांना आणि पाहुण्यांना काचेमागचे पक्षी समजावून सांगायचे, हे काम.

पण दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपल्याला शास्त्र नीट शिकायला हवं. १९२८ मध्ये रजा काढून त्यांनी जर्मनी गाठली.

बर्लिनमध्ये काय शिकले?

बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात तेव्हा प्रोफेसर एर्विन स्ट्रेसमान होते. पक्षीशास्त्रातलं त्या काळचं हे फार मोठं नाव.

त्या दिवसांत पक्षीशास्त्र म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच काम होतं. पक्षी मारायचा, कातडी सोलून पेंढा भरायचा, पंखाची लांबी मोजायची आणि नाव द्यायचं. स्ट्रेसमान यांनी या चौकटीबाहेर पाऊल टाकलं होतं. पक्ष्याचं शरीर चालतं कसं, तो खातो काय, घरटं कुठं करतो, जोडी कशी जमते, पिल्लं कशी वाढतात, हे सगळं शास्त्राचा भाग आहे असं त्यांचं म्हणणं होतं. जिवंत पक्षी हा अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट सलीम अली इथं शिकले. हेलिगोलँड बेटावर जाऊन पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, तेही बघून आले. स्ट्रेसमान यांना ते आयुष्यभर गुरू मानत राहिले.

१९३० मध्ये नवं ज्ञान आणि मोठ्या आशा घेऊन ते मुंबईत उतरले. आणि इथं कळलं की म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली आहे. पैसे नाहीत, एवढं कारण पुरेसं होतं. जगभर मंदी होती.

वय ३३. खिशात जर्मनीचं शिक्षण, पण हातात कागदाचा तुकडा नाही आणि नोकरीही नाही.

मुंबई सोडली, किहीम गाठलं

मुंबईत घर चालवणं आता परवडणारं नव्हतं. सलीम अली आणि तेहमीना खाडीपलीकडे किहीमला राहायला गेले.

आज किहीम म्हटलं की वीकेंड, बंगले आणि मांडव्याची लाँच आठवते. तेव्हा हा जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. रायगड हे नाव आलं १९८१ मध्ये. किहीम हे नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं असलेलं शांत गाव होतं. मुंबई समोर, पण गजबज नाही.

नोकरी गेलेल्या माणसाला अशी शांतता खायला उठते. सलीम अलींच्या बाबतीत उलटं झालं. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत बसली. पिवळ्याधमक डोक्याचे नर भाताच्या पात्यांचे लांब धागे चोचीत धरून येरझाऱ्या घालू लागले. ज्या माणसाकडे दिवसभर रिकामा वेळ होता, बघायची नजर होती आणि नुकतंच बर्लिनचं शिक्षण झालं होतं, त्याच्या दारातच प्रयोगशाळा उभी राहिली. भाडं नाही, उपकरणं नाहीत. लागत होते फक्त डोळे, वही आणि चिकाटी.

ते रोज बघत राहिले. कुठलं घरटं कुणाचं, आज किती विणलं, कोण आलं, कोण गेलं, अंडी कधी घातली, सगळं टिपत राहिले.

मग दिसलं काय?

तोवर समज अशी होती की सुगरणीची जोडी असते, दोघं मिळून संसार करतात. किहीमच्या झाडांवर चित्र निराळं होतं.

आधी नर येतात. जागा निवडतात आणि विणायला घेतात. भाताचं पातं किंवा शिंदीचं, नारळाचं पान कडेला चोचीनं खाच पाडून सर्रकन फाडलं की लांब धागा निघतो. अशा शेकडो धाग्यांसाठी नर शेकडो फेऱ्या मारतो. आधी फांदीला गाठी, मग एक कडं, मग त्यावर छप्पर. या टप्प्यावर घरटं शिरस्त्राणासारखं, म्हणजे उलट्या टोपीसारखं दिसतं.

आणि इथं नर थांबतो. घर अर्धं ठेवतो.

आता माद्या येतात. त्या दिसताच सगळे नर आपापल्या अर्ध्या घरट्याला लटकून पंख फडफडवतात आणि गोंगाट करतात. मादी आत शिरते, इकडं तिकडं ओढून बघते, तपासते. पसंत पडलं तर ती थांबते. नाही पडलं तर सरळ शेजारच्या घरट्याकडे जाते. नापसंत झालेलं घरटं कित्येकदा तसंच सोडून दिलं जातं. झाडाखाली पडलेले ते अर्धवट खोपे तुम्हीही पाहिले असतील. लोक म्हणायचे की नराला बसायला झोपाळा म्हणून ते बांधलेले असतात. खरं तर ती नाकारलेली घरं.

मादीनं घर पसंत केलं की जोडी जमते. नर मग खालची लांब नळी विणून घर पुरं करतो आणि मादी आतली बाजू मऊ करते. ती २ ते ४ पांढरी अंडी घालते आणि उबवायला बसते.

आणि नर? तो दुसरं घर बांधायला घेतो. तिथं दुसरी मादी आली तर तिसरं. म्हणजे एकाच वेळी चार बायका असा प्रकार नाही, तर एकीचा संसार लागला की दुसरीच्या घराची पायाभरणी. माद्या जितक्या येतील तितकी घरं. अंडी उबवणं मात्र एकट्या मादीचं काम आणि पिल्लांना भरवण्याचा भारही मुख्यतः तिच्यावरच.

म्हणजे आपल्या भाषेनं सगळं श्रेय सुगरणीला दिलं, ते अगदीच चुकीचं नाही. विणकाम नराचं असलं तरी घर कुठलं चांगलं हे ठरवणारी आणि त्यात संसार ओढणारी तीच.

ती इतकी चोखंदळ का असते?

याचं उत्तर अंड्यात आणि पिल्लात आहे.

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा डोळे उघडे असतात, अंगावर लव असते आणि काही तासांत ते दाणे टिपायला लागतं. सुगरणीचं पिल्लू निघतं ते आंधळं आणि उघडंनागडं. अशा पक्ष्यांच्या अंड्यात बलकाचा वाटा कमी असतो. आईनं डब्यात कमी शिदोरी दिलेली असते, म्हणून उरलेली वाढ घरट्यात, आईच्या चोचीवर होते. सुमारे दोन आठवडे उबवल्यावर पिल्लं निघतात आणि पुढच्या साधारण अडीच आठवड्यांत ती उडायच्या तयारीला लागतात. मूठभर मांसाच्या गोळ्यापासून पिसं, स्नायू, मेंदू असलेल्या पक्ष्यापर्यंतचा प्रवास इतक्या थोड्या दिवसांत. त्या काळात घरटं तुटलं, भिजलं किंवा साप शिरला तर संपलं.

या वाढीत शरीराच्या आत काय चालतं, तेही थोडं समजून घेऊ. कारण त्याचा एक धागा आपल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टशी जुळतो. तो धागा म्हणजे कोलेस्टेरॉल.

कोलेस्टेरॉलचं नाव आपल्याकडे बदनाम आहे. पण वाढणाऱ्या पिल्लाला ते विटा-सिमेंटसारखं लागतं. प्रत्येक नव्या पेशीच्या आवरणात ते असतं. मेंदूला आणि मज्जातंतूंना तर भरपूर लागतं. पचनाला लागणारी पित्ताम्लं आणि टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकंही त्यापासूनच बनतात. खोप्याला लटकून गाणाऱ्या त्या नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉनही कोलेस्टेरॉलपासूनच आलेलं.

मग पिल्लाला हे मिळतं कुठून? पहिला साठा अंड्यातल्या बलकाचा. कोंबडीच्या एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते जवळपास सगळं बलकात असतं. ते तुमच्या ऑम्लेटसाठी नाही, पिल्लासाठी ठेवलेलं असतं. कोंबडीच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांतून कळलं की अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं यकृत या बलकातल्या कोलेस्टेरॉलनं भरलेलं असतं, म्हणून यकृत स्वतः ते फारसं बनवत नाही. कोठी भरलेली असताना चूल कशाला पेटवायची? काही दिवसांत बलक संपतो, पिल्लू दाणे खायला लागतं. धान्यात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. मग यकृताची चूल पेटते आणि ते स्वतःचं कोलेस्टेरॉल जोमानं बनवू लागतं. मेंदू मात्र आधीपासूनच वेगळा संसार करतो. तो अंड्यात असतानाही आपल्या गरजेचं कोलेस्टेरॉल बहुतांशी आपणच बनवतो.

ते बनतं कशापासून? ॲसिटेटपासून. म्हणजे फक्त २ कार्बनच्या छोट्या तुकड्यापासून. खाल्लेल्या पिष्टाचे आणि चरबीचे तुकडे होता होता हा भाग हाताशी येतो. असे तुकडे जोडत, वळवत, कापत सुमारे ३० पायऱ्यांनंतर २७ कार्बनचा कोलेस्टेरॉलचा रेणू तयार होतो. हे कोडं सोडवण्यात कोनराड ब्लॉक आणि फिओडोर लिनेन यांचा मोठा वाटा होता. दोघांना १९६४ मध्ये नोबेल मिळालं. यातले ब्लॉक जर्मनीत शिकलेले ज्यू शास्त्रज्ञ. सलीम अली बर्लिनहून परतल्यावर काही वर्षांतच नाझी राजवटीमुळे ब्लॉक यांना जर्मनी सोडावी लागली आणि पुढचं काम त्यांनी अमेरिकेत केलं.

आता पुन्हा खोप्याकडे येऊ. सुगरण हा दाणे खाणारा पक्षी, पण पिल्लांना ती किडेही भरवते. किड्यांतून पिल्लाला प्रथिनं मिळतात आणि थोडं तयार कोलेस्टेरॉलही. गंमत म्हणजे किड्यांना ते मुळापासून बनवता येत नाही. ते वनस्पतींतल्या तशाच पदार्थांपासून ते तयार करतात. म्हणजे किहीमच्या खाचरातलं भाताचं पान, त्यावरची अळी, सुगरणीची चोच आणि पिल्लाचा मेंदू अशी ही एक साखळी आहे. खोपाही त्याच पानाचा.

सलीम अली प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ नव्हते. त्यांनी यकृत तपासलं नाही. पण मादी घर का तपासते, पावसाळ्यातच घरटी का होतात, पिल्लांना कोण भरवतं, हे त्यांनी झाडाखाली बसून टिपलं. शरीराच्या आतली गोष्ट आणि झाडावरची गोष्ट शेवटी एकच आहे, ती फक्त दोन टोकांनी वाचली जाते.

बेकारीतून आलेला निबंध

किहीमच्या या निरीक्षणांवर सलीम अलींनी लिहिलेला निबंध १९३१ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आला. पक्षीशास्त्राच्या जगात त्यांचं नाव झालं ते इथून. ज्या पक्ष्याला देशातला प्रत्येक शेतकरी ओळखतो, त्याच्याबद्दल अशी नवी गोष्ट सांगता येते, हे अनेकांसाठी आश्चर्य होतं.

सुगरणीचा नाद त्यांनी सोडला नाही. १९५० च्या दशकात व्ही. सी. आंबेडकर यांच्यासोबत त्यांनी या पक्ष्यावर पुन्हा लेखन केलं.

निबंधानं नाव झालं, पण पोट भरत नव्हतं. मग त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. त्या काळी देशात संस्थानं होती आणि बऱ्याच संस्थानांत कुठले पक्षी आहेत याची धड यादीच नव्हती. सलीम अलींनी प्रस्ताव ठेवला की मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, मी पक्ष्यांची पाहणी करून देतो, मेहनतान्याची अपेक्षा नाही. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. पुढं कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी यादी वाढत गेली. बैलगाडी, तंबू, धूळ, मलेरिया हे सगळं आलंच.

या भटकंतीत तेहमीना त्यांच्यासोबत असायच्या. मुक्कामाची व्यवस्था, हिशेब, जेवणखाण त्या सांभाळायच्या. शहरात रमणारी बाई असती तर किहीमची ती वर्षं आणि नंतरचं तंबूतलं आयुष्य जमलंच नसतं.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीना गेल्या. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्या घरी ते राहू लागले आणि कामात बुडून गेले.

सामान्य माणसाच्या हातात पक्षी दिला

१९४१ मध्ये त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. रंगीत चित्रं आणि सोपी भाषा. तोवर पक्ष्यांची पुस्तकं म्हणजे साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेली. या पुस्तकामुळे शाळेतलं पोरगंही झाडावरचा पक्षी ओळखू लागलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

मग अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ पुरा केला. हे खंड १९६८ ते १९७४ या काळात आले. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अलींचं वय ७७ होतं.

माणूस गंभीर होता, पण रुक्ष नव्हता. मोटरसायकलचं त्यांना वेड होतं. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथं जागतिक पक्षीशास्त्र परिषद होती. त्यांनी आपली सनबीम मोटरसायकल बोटीत चढवली आणि युरोपात उतरून ती चालवत परिषदेला पोचले. वाटेत पडले, लागलंही. सामानानं लादलेली गाडी बघून तिथं बातमी पसरली की हा माणूस भारतातून गाडी चालवत आला आहे.

नावाआधी डॉक्टर, पण पदवी?

ज्यांना पदवी नाही म्हणून नोकरी मिळाली नव्हती, त्यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९७६ मध्येच पॉल गेटी पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम ५० हजार डॉलर होती. ही रक्कम निसर्गरक्षणाच्या निधीसाठी त्यांनी बीएनएचएसला दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली.

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएसकडे पैसा उरला नव्हता, तेव्हा थेट पंतप्रधान नेहरूंना लिहून त्यांनी मदत मिळवली. राजस्थानातलं भरतपूर आणि केरळातलं सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं.

पण भरतपूरची गोष्ट इथंच संपत नाही. अभयारण्यात गुरं नकोत, असं सलीम अलींचं मत होतं. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली. पुढं बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी चरत होत्या म्हणून गवत आणि पाणवनस्पती आटोक्यात राहत होत्या. बंदीनंतर तळी गवतानं भरू लागली आणि पाणपक्ष्यांना त्रास झाला.

आयुष्यभर आधी बघा आणि मग बोला, असं काम केलेल्या माणसाचा अंदाज इथं चुकला. आणि ती चूक उघड झाली तीही त्यांच्याच संस्थेच्या, त्यांच्याच पद्धतीच्या निरीक्षणातून.

शिकारीचंही तसंच. त्यांनी स्वतः हजारो पक्षी अभ्यासासाठी मारले होते आणि ते कधी लपवलं नाही. नमुना हातात असल्याशिवाय शास्त्र पुढं जात नाही, असं त्यांना वाटायचं. पण नुसत्या हौसेसाठी केलेली कत्तल त्यांना मान्य नव्हती.

२० जून १९८७

कर्करोगाशी झुंज देऊन २० जून १९८७ रोजी मुंबईत सलीम अलींचं निधन झालं. वय ९० होतं. योगायोग असा की पावसाळा सुरू होण्याचे, म्हणजे सुगरणीनं घरटी बांधायला घेण्याचेच ते दिवस.

पुढं १९९० मध्ये कोइमतूरला त्यांच्या नावाचं पक्षी संशोधन केंद्र उभं राहिलं. गोव्यात चोडण बेटावरच्या अभयारण्याला त्यांचं नाव आहे. एका दुर्मीळ वटवाघळाच्या शास्त्रीय नावातही ते आहेत.

किहीमला मात्र त्यांची खरी आठवण झाडावर लोंबते. निदान जिथं अजून झाड आहे आणि शेजारी भाताचं खाचर आहे, तिथं. कारण सुगरणीला दोन्ही लागतं. लटकायला उंच फांदी किंवा माड, आणि विणायला हिरवं पातं. अलिबागच्या पट्ट्यात खाचरांच्या जागी प्लॉट पडत गेले आणि विहिरी बुजत गेल्या, तसा हा जमाखर्च बिघडत चालला आहे. नर पानं फाडायला तयार आहे, मादी घर बघायला तयार आहे, पण पानच नसेल तर खोपा कशाचा विणायचा आणि पिल्लाच्या चोचीत अळी कुठली पडायची?

१९३० मध्ये नोकरी गेलेल्या एका माणसानं किहीममध्ये जे केलं, त्यासाठी आजही काही लागत नाही. येत्या पावसाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावर गेलात, तर बीचवरून परतताना एखाद्या शेताच्या कडेला १५ मिनिटं थांबा. पिवळ्या डोक्याचा पक्षी घर विणताना दिसला, तर ओळखा की हा नर आहे, घर अजून अर्धं आहे आणि पसंतीचा निरोप अजून यायचा आहे.